सायलेन्सर कोणता घ्यायचा आणि तो धरून कसा ठेवायचा: गावाकडच्या गाडीसाठी तुलना

सोयाबीनचा पैसा हाती आला की घरोघरी खर्चाची जी यादी निघते, तिच्यात गाडीचा सायलेन्सर कुठेतरी असतोच. एखाद्याचा खालून कुजून फुटलेला असतो, आणि गाडी गावात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरतो. एखाद्याच्या घरी पोराने बुलेटला ‘इंदोरी’च पाहिजे म्हणून अबोला धरलेला असतो. तालुक्याच्या ठिकाणी पार्टच्या दुकानात गेलं की चार वाटा समोर येतात: जुन्यालाच वेल्डिंग, कंपनीचा ओरिजिनल, ओरिजिनलसारखा दिसणारा दुसऱ्या कारखान्याचा, आणि आवाजाचा. दुकानदार किंमत सांगतो, मेकॅनिक रेस देऊन आवाज ऐकवतो. सायलेन्सर गाडीला धरून कसा राहणार, यावर कोणी बोलत नाही.

खरा फरक मात्र तिथेच पडतो. शहरात डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला कसाही अडकवलेला सायलेन्सर बरेच दिवस चालून जातो. इकडे मागे खताची चुंगडी बांधलेली, पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत वाळून दगड झालेल्या, आणि गाडी रोज त्याच पांदणीने वावरात जाणार. ढिल्या बोल्टाचा हिशोब तिथे फार लवकर होतो. म्हणून खाली सायलेन्सरांची तुलना आहे तशी पकडीचीही आहे, आणि माझा कल पकडीकडे जास्त आहे.

आधी गाडीखाली वाकून पाहा

दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी घरीच पाहून घ्या.

पहिली, तुमच्या गाडीचा बेंड पाईप (इंजिनमधून धूर आणणारा वाकडा पाईप) आणि सायलेन्सर एकाच नगात आहेत की वेगळे. स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्यांत तो सलग असतो. इंजिनच्या हेडला दोन नट, मागे फूटरेस्टच्या बाजूला बोल्ट, झालं. बुलेटसारख्या गाड्यांत बेंड पाईप वेगळा, सायलेन्सर वेगळा आणि मध्ये क्लॅम्प असतो. सलग नगाच्या गाडीला बाहेरचा सायलेन्सर बसवायचा तर पाईप कापावा लागतो, आणि एकदा कापला की ओरिजिनल परत लावायचा रस्ता बंद. मेकॅनिक ‘नंतर जोडून देतो ना’ म्हणतो. जोडतोही, पण तो जोड पुढे कायम त्या गाडीची कमजोर जागा राहतो.

दुसरी गोष्ट, गाडी कोणत्या साली घेतली. 1 एप्रिल 2020 नंतर विकलेल्या नव्या गाड्या बीएस-6 च्या, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या आहेत. त्यांच्या एक्झॉस्टच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची जाळी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा अगदी पातळ थर. बहुतेक एफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या) गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सरही असतो. कन्व्हर्टर काही गाड्यांत बेंड पाईपमध्ये असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. बेंड पाईपमध्ये असेल तर मागचा सायलेन्सर बदलूनही तो गाडीवर राहतो. पोटात असेल तर सायलेन्सरबरोबर तोही उतरतो, आणि मग पीयूसीच्या वेळी धूर मोजणारं यंत्र तुमच्याकडून बोलत नाही.

हे पाहिल्याशिवाय पुढची तुलना वाचून उपयोग नाही, कारण एकाला परवडणारी वाट दुसऱ्याच्या गाडीला लागूच पडत नाही.

वेल्डिंग: कधी शहाणपण, कधी पाण्यात पैसा

‘काहून बदलता भाऊ, याले टाका मारून देतो, मंग पाहा.’ हे वाक्य विदर्भातल्या कोणत्याही बसस्टँडजवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ऐकायला मिळतं, आणि दर वेळी ते चुकीचं नसतं. तुटलं काय आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

मागचा ब्रॅकेट, म्हणजे सायलेन्सरला गाडीवर धरणारी पट्टी, तडकली असेल तर वेल्डिंग उत्तम. पत्रा चांगला असतो, फक्त पट्टी थकलेली असते. टाक्याबरोबर आतून एक छोटी आधारपट्टी लावून घ्या, म्हणजे ती पुन्हा त्याच रेषेवर तडकत नाही.

बुड कुजलं असेल तर गोष्ट वेगळी. वैशाखातलं पंचेचाळीस डिग्री ऊन सायलेन्सरला काही करत नाही, तो स्वतःच त्याच्या कितीतरी पट तापतो. त्याला मारतं पाणी, आणि तेही बाहेरचं कमी, आतलं जास्त. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालली की सायलेन्सर पुरता तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. घर ते वावर, वावर ते पानटपरी असं चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कधी पूर्ण तापतच नाही. वाफ आतच पाणी होऊन बुडाशी साचते, धुरातल्या आम्लाबरोबर मिसळते आणि पत्रा आतून खात सुटते. बाहेर क्रोम चकचकीत, आत चाळणी. त्यामुळे गावातल्या कमी चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर शहरात रोज लांब जाणाऱ्या गाडीच्या आधी कुजलेला दिसला तर नवल वाटायला नको.

तपासायला स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुरे. थंड सायलेन्सरच्या बुडाला जागोजागी ठोकत जा. टणटण वाजलं तर पत्रा जिवंत. भद्द वाजलं, किंवा आत गंजाचे पापुद्रे खळखळले, तर त्यावर ठिगळ बसणार नाही. वेल्डर भोक बुजवेल, पण टाक्याच्या कडेचा पत्रा आधीच कागदासारखा झालेला असतो, आणि पुढचं भोक तिथेच पडतं. साध्या आर्क वेल्डिंगने तर बुजवता बुजवताच भोक मोठं होतं. पातळ पत्र्याला गॅस वेल्डिंग किंवा सीओटू बरं.

एक बारीक गोष्ट मात्र वेल्डरच्या शेजारी उभं राहून सांगा. पुष्कळ सायलेन्सरांना बुडाशी, मागच्या टोकाकडे, पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक कारखान्यातूनच दिलेलं असतं. ते साचलेलं पाणी निघून जायला असतं. त्यातून थेंब पडताना, काळसर डाग उमटताना पाहून ‘हेही लिकेज आहे’ म्हणून वेल्डर भरल्या हाताने ते बुजवून टाकतो. झालं, त्या सायलेन्सरचं आयुष्य तिथेच अर्धं झालं.

आणि वेल्डिंग गाडीवर लावलेल्या सायलेन्सरला कधीच करू देऊ नका. टाकी पेट्रोलने भरलेली, शेजारी रबरी नळ्या, ठिणग्या उडताहेत. एफआय गाडीत तर वेल्डिंगचा करंट वायरिंगमधून फिरून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जाळू शकतो, आणि ईसीयूच्या किमतीपुढे नवा सायलेन्सर स्वस्त. उतरवूनच न्या. दोन नट आणि एक बोल्ट तर असतो.

कंपनीचा की कंपनीसारखा

कंपनीच्या सायलेन्सरबद्दल लिहायला फार नाही. तो बसतो. भोकाला भोक जुळतं, ब्रॅकेट जागेवर येतो, रबराची बुश आणि तिच्या आतली लोखंडी नळी सोबत असते किंवा वेगळी मिळते, पायाला चटका बसू नये म्हणून पत्र्याची ढाल असते. आवाज पहिल्यासारखा. दोष एकच, किंमत. बीएस-6 गाडीचा आणि कन्व्हर्टर पोटात असलेला असेल तर किंमत ऐकून माणूस दुकानाबाहेर येऊन बसतो.

दुसऱ्या कारखान्याचा ‘डुप्लिकेट’ (दुकानदार त्याला ‘लोकल’ म्हणतो) बराच स्वस्त असतो. यात सगळेच वाईट नसतात. फरक हातात घेतल्यावर कळतो. एक, वजन. एकाच गाडीचे दोन नग दोन हातांत धरा. फारच हलका असेल तर आतल्या जाळ्या आणि कप्पे कमी आहेत, किंवा पत्रा पातळ आहे, किंवा दोन्ही. दोन, हेडकडची फ्लँज, म्हणजे नटांची भोकं असलेली चकती. ती सपाट आणि जाड पाहिजे. पातळ फ्लँज नट आवळला की वाकते आणि मधून धूर फुंकते. तीन, ब्रॅकेट सायलेन्सरला नुसता दोन ठिपक्यांनी चिकटवला आहे की पूर्ण कडेने टाका आहे. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: बीएस-6 गाडीसाठीचा डुप्लिकेट घेत असाल तर त्यात कन्व्हर्टर आहे का, आणि ऑक्सिजन सेन्सर बसवायची आट्यांची जागा आहे का. सेन्सरची जागाच नसेल तर तो लोंबकळत ठेवावा लागतो. मग गाडीला कळत नाही किती पेट्रोल द्यायचं, मीटरवर इंजिनचा दिवा पेटतो आणि ॲव्हरेज पडतं.

जुनी कार्ब्युरेटरची शंभर सीसीची गाडी, रोज दूध घालायला आणि वावरात जायला वापरायची, तर चांगल्या पत्र्याचा डुप्लिकेट घेण्यात काही वावगं नाही. उरलेले पैसे नव्या गॅस्केटवर, नव्या नटांवर, नव्या बुशवर घाला. बीएस-6 गाडी आणि वॉरंटी चालू, तर कंपनीचाच. इथे दुसरं मत मी देत नाही.

आवाजाचा सायलेन्सर

बुलेटवाल्यांच्या तोंडी इंदोरी, पंजाब, गोल्डस्टार, शॉर्ट बॉटल अशी नावं असतात. पल्सर-अपाचेवाल्या पोरांना आखूड, जाड, टोकाला तिरका कापलेला स्लिप-ऑन, म्हणजे बेंड पाईपवर सरकवून बसवायचा सायलेन्सर, पाहिजे असतो. आत दोन जाती. एकीत कप्पे आणि नळ्या असतात, आवाजाची लाट त्यांत आपटून मरते. दुसरीत मधोमध भोकं पाडलेली नळी आणि भोवती ग्लासवूल, आवाज त्या लोकरीत जिरतो. पुष्कळ स्वस्त नगांत दोन्ही नसतं, नुसतं पोकळ भांडं असतं. ग्लासवूल जळून, उडून जाते आणि मग पुन्हा भरावी लागते. इंजिन ऑईल खात असेल, निळा धूर सोडत असेल, तर ती लोकर तेलाने भिजून गच्च होते. अशा गाडीला लोकरीचा सायलेन्सर लावूच नये, आधी पिस्टनच्या रिंगा पाहाव्यात.

‘आवाज वाढला, गाडी पळायला लागली’ हे मात्र कानाचं मत आहे. नुसता सायलेन्सर मोकळा केल्याने इतक्या लहान इंजिनात जाणवेल एवढी ताकद येत नाही. कार्ब्युरेटरची गाडी असेल आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी) तसाच ठेवला, तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊ शकतं, इंजिन जास्त तापतं आणि रेस सोडली की फटाके फुटतात. पोरांना फटाके आवडतात ती गोष्ट वेगळी. डीबी किलर, म्हणजे टोकाला एका स्क्रूने बसवलेली काढघालीची जाळी, आवाज कमी करते हे खरं. पण ती जाळी लावल्याने सायलेन्सर कायदेशीर होत नाही.

कायद्याचं सरळ सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 120 प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. नवी गाडी कारखान्यातून निघताना 80 ते 175 सीसीला 77 डेसिबल आणि 175 सीसीच्या वर 80 डेसिबल ही आवाजाची हद्द आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे नियम मोडल्याबद्दल पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. मालकाने गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर कलम 182अ वेगळं लागतं, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही आहे. ‘गावात कोण पकडते’ हे बरोबर, पण गाडी बाजाराला जाते, कॉलेजला जाते, नागपूर-अमरावतीला जाते. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. दुकानदार ‘अप्रूव्हड’चा स्टिकर दाखवेल. स्टिकर छापायला फार खर्च येत नाही.

पांदणीवर समोरून बंडी येत असताना ज्याने मोकळा सायलेन्सर वाजवलाय आणि बैल बुजलेले पाहिलेत, त्याला दंडाची गरज पडत नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या जोड्यांजवळून असली गाडी नेणाऱ्याला गावात जे ऐकून घ्यावं लागतं, ते इथे छापण्यासारखं नाही.

तरीही लावायचाच असेल, तर माझ्या हिशोबाने एवढंच मान्य: बेंड पाईप आणि सायलेन्सर वेगळे असलेली गाडी, कन्व्हर्टर बेंड पाईपमध्ये, काही न कापता बसणारा, आत खरोखर कप्पे असलेला आणि कंपनीच्या आवाजाच्या जवळ राहणारा नग. तो लावूनही वरचं कायद्याचं ओझं तुमच्याच डोक्यावर राहतं, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो.

पकड: हेडकडची बाजू

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

शंभर सीसीच्या गाडीत हेडमधून दोन बारीक स्टड (आट्यांच्या सळ्या) बाहेर येतात, त्यांवर दहाच्या पान्याचे नट. या स्टडवर चिखल, पाणी आणि उष्णता तिन्ही पडतात, त्यामुळे नट जाम होतात. गरम इंजिनवर जोर लावला की स्टड मुळापासून तुटतो, मग लेथवाल्याकडे हेड नेऊन ड्रिल मारून टॅप करावं लागतं. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी थंड इंजिनवर गोटी पान्याने सोडवा. सुटायला लागला की एकदम फिरवू नका. अर्धा आटा मोकळा, पाव आटा मागे, असं करत काढा.

हेड आणि पाईप यांच्यामध्ये दबणारी गॅस्केट रिंग असते. ती एकदा दबली की तिचं काम संपलं. सायलेन्सर उतरवला तर रिंग नवी, हा नियमच करून टाका, ती फार महाग नसते. जुनी रिंग ठेवली तर कडेने धूर फुंकतो, आणि रेस सोडल्यावर तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते. हे फटाक्यांचं नेहमीचं कारण. एफआय गाडीत सेन्सर त्या हवेला फसतो, मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवतो. ‘नवा सायलेन्सर लावल्यापासून ॲव्हरेज कमी झालं’ अशी तक्रार असेल तर सायलेन्सरला दोष देण्याआधी ही रिंग पाहा. आणि एम-सील लावून हा जोड बंद करू नका, इतक्या उष्णतेत ते टिकत नाही. लावायचंच तर एक्झॉस्टसाठीचं उष्णता सोसणारं सीलंट, तेही पातळ.

नटांचंही तसंच. नायलॉनची रिंग असलेले चेकनट मागच्या ब्रॅकेटला चांगले, पण हेडवर त्यांचं नायलॉन वितळून जातं आणि नट साधा होऊन बसतो. हेडला पूर्ण धातूचे किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट घ्या. स्प्रिंग वायसरही तिथल्या उष्णतेत मऊ पडतो. सहा एमएमच्या स्टडला साधारण 10 न्यूटन मीटर ताण पुरतो, म्हणजे आखूड पाना, एका हाताचा जोर. पान्याला पाईप लावून आवळणारा मेकॅनिक दिसला तर त्याच्या हातातून पाना काढून घ्या.

मधला जोड: क्लॅम्प, स्प्रिंग की टाका

बेंड पाईप आणि सायलेन्सर जोडायच्या तीन पद्धती. इथे एकाच तराजूत तोलता येतं.

यू-बोल्टचा क्लॅम्प कुठेही मिळतो, स्वस्त. पण तो गोल पाईपला दोन बाजूंनी चेपतो. पुढच्या वेळी चेपलेला पाईप सायलेन्सरमधून सुटत नाही आणि जोडही पुरता बंद होत नाही. रुंद पट्टीचा क्लॅम्प सगळ्या बाजूंनी सारखा दाबतो, पाईप गोल राहतो. तालुक्याला मिळाला नाही तर जिल्ह्यावरून आणा, तेवढा फरक पडतो.

स्प्रिंगचा जोड, म्हणजे दोन्ही बाजूंना आकडे आणि त्यांत ताणलेल्या दोन-तीन स्प्रिंगा. तापलं की पाईप लांबतो, थंड झाला की आखडतो. स्प्रिंग त्याला खेळायला जागा देते, म्हणून पट्ट्या तडकत नाहीत. खडबडीत रस्त्याला ही पद्धत खरं तर सगळ्यात बरी. पण स्प्रिंग तुटली तर इथे पटकन मिळत नाही. म्हणून प्रत्येक स्प्रिंगमधून स्टेनलेसची बारीक तार ओवून दोन्ही आकड्यांना पीळ द्या. स्प्रिंग तुटली तरी ती उडून जात नाही, घरी येईपर्यंत तार जोड सांभाळते.

टाका, म्हणजे जोड वेल्डिंगने कायमचा करणं. मेकॅनिकला सगळ्यात आवडणारी आणि मला सगळ्यात न आवडणारी पद्धत. पहिले दिवस काही हलत नाही. पण आता इंजिनपासून मागच्या ब्रॅकेटपर्यंत एक ताठ लोखंड झालं. इंजिनचा थरथराट, उष्णतेची लांबी-आखूड, खड्ड्याचा धक्का, सगळं कुठेतरी जाणारच. ते एकतर ब्रॅकेट तोडतं, नाहीतर हेडचा स्टड.

आणि मापं. बाजारात मिळणाऱ्या सर्रास स्लिप-ऑनचं तोंड 51 एमएमचं असतं, लहान गाडीचा पाईप त्याहून बारीक. मधली जागा भरायला ॲडॅप्टर मिळतो किंवा लेथवाला बुश करून देतो. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळायची जी पद्धत आहे, तिने जोड बसल्यासारखा दिसतो, पण त्या पत्र्याला तिथली उष्णता आणि थरथराट फार दिवस सोसत नाही.

मागचा ब्रॅकेट, आणि सगळं आवळायचा क्रम

मागे सायलेन्सर फ्रेमला टांगलेला असतो तिथे रबराची बुश आणि आत लोखंडी नळी असते. बोल्ट नळीवर आवळला जातो, रबर मोकळं राहून धक्के पितं. जुनी बुश कुजली की ‘काही नाही होत’ म्हणून दोन वायसर टाकून बोल्ट ठोकतात. मग धक्का थेट पट्टीवर. तडकलेल्या ब्रॅकेटखाली अशी बुश नसलेली जागा वारंवार सापडते. आखूड सायलेन्सर एका पातळ पट्टीवर टांगलेला असेल तर पट्टी किमान तीन एमएमची घ्या, आणि भोक गॅसने न पाडता ड्रिलने पाडा.

आवळायचा क्रम असा. गॅस्केट लावा, सायलेन्सर जागेवर टांगा, सगळे नट-बोल्ट नुसते हाताने बसवा. सायलेन्सर स्वतःहून भोकाशी जुळला पाहिजे. ओढून-दाबून बोल्ट घालावा लागत असेल तर ब्रॅकेट वाकवा किंवा वायसर टाका, जोर लावू नका. मग आधी हेडचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे, मग मधला क्लॅम्प, शेवटी मागचा बोल्ट. उलट केलं, मागचं आधी आवळून पुढे ओढलं, तर तो ताण कायम स्टडवर राहतो. गाडी चालू करून पुरती तापू द्या, थंड होऊ द्या, आणि थंड असतानाच पुन्हा एकदा आवळा. आठवड्याने परत.

विकत घेण्याआधी या जागा पाहा

पंक्चर. बाभळीचे काटे कोणाला चुकलेत? मागच्या चाकाचा एक्सल सायलेन्सरच्या आड येत असेल तर दर पंक्चरला सायलेन्सर उतरवावा लागेल. दुकानातच एक्सलच्या रेषेत हात धरून पाहा.

मेन स्टँड. काही गाड्यांत स्टँड वर गेल्यावर त्याचा रबरी टेकू सायलेन्सरलाच टेकतो. नव्या सायलेन्सरला ती जागा नसेल तर स्टँड वर जाऊन चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेनवर आपटतो.

भार. दोन जण बसवून, मागे पोतं ठेवून शॉकप दाबून पाहा. चिमटा वर येताना सायलेन्सरला किंवा त्याच्या बोल्टला घासता कामा नये. कापसाचं गाठोडं एका बाजूला लोंबतं तेव्हा ते सायलेन्सरला टेकतं का, हेही. कंपनीच्या सायलेन्सरला ढाल असते, बाहेरच्याला बहुधा नसते. मागे बसलेल्या बाईची पोटरी आणि साडीचा काठ, दोन्हीचा विचार करा. ढाल वेगळी मिळते, ती लावून घ्या.

आग. सोयाबीन काढल्यावर वावराच्या धुऱ्यावर कुटाराचा, म्हणजे वाळल्या भुशाचा थर असतो. तापलेला, बुटका सायलेन्सर त्यावर उभा करू नका. आखूड सायलेन्सरमध्ये झोत बेंड पाईपजवळ, पायाशी सुटतो, तिथे वाळलेलं गवत पेट घेऊ शकतं.

पाणी. नाल्यात सायलेन्सरचं तोंड बुडालं तर रेस सोडू नका, गाडी बंद पडू देऊ नका. तोंड जितकं वर, तितकं बरं. यात कंपनीचा लांब सायलेन्सर खाली पडून असलेल्या आखूड नगापेक्षा सरस ठरतो.

जुना सायलेन्सर दुकानात सोडू नका

बीएस-6 गाडीचा सायलेन्सर बदलला की ‘जुना राहू द्या इथंच, भंगारातच जायचा’ असं म्हणणारे भेटतात. त्यातल्या जाळीवरच्या धातूंना किंमत आहे. मारुती इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या त्याच कारणाने येतात. आवाजाचा लावला असेल तर ओरिजिनल घरी आणाच, कारण आरटीओपुढे किंवा गाडी विकताना तोच लागणार आहे. पाणी झटकून, दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबून गोठ्याच्या आढ्याला टांगा. खाली ठेवला तर उंदीर घर करतात.